विस्कॉन्सिनमध्ये सहकुटुंब धनुष्यशिकार: पहिल्या सरावापासून मांसाच्या वाटपापर्यंत

विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीचा विषय निघाला की बहुतेकांना नोव्हेंबरमधले बंदुकीचे नऊ दिवस आठवतात. धनुष्यबाणाचा हंगाम मात्र सप्टेंबरच्या मध्यावरच सुरू होतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. जंगलात गर्दी नसते, सुरुवातीचे दोन महिने थंडीही सोसवण्याजोगी असते. शाळेत जाणारी मुलं, कॉलेजातली पुतणी, भारतातून आलेले सासरे अशा सगळ्यांना घेऊन निघायचं असेल तर मी हाच हंगाम सुचवेन. इथे धनुष्याची परंपराही जुनी आहे. सॉक आणि कोलंबिया या दोन काउंटींमध्ये १९३४ सालीच फक्त धनुष्यासाठी वेगळा हंगाम ठेवला गेला होता.

हे सगळं मॅडिसन, मिलवॉकी, शिकागो भागातल्या मराठी घरांसाठी लिहितोय. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार गुन्हा आहे, तेव्हा यातलं काही तिकडे लागू नाही. अमेरिकेतही प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. इथले नियम विस्कॉन्सिनचे आहेत, आणि तेही दरवर्षी थोडेफार बदलतात. त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या, म्हणजे डीएनआरच्या, वेबसाइटवर मिळतं. ते घरातल्या किमान दोघांनी पूर्ण वाचलेलं असावं.

आधी घरात बोलून घ्या

गोळी लांबून लागते, बाण जवळूनच मारावा लागतो. धनुष्यशिकारीत अंतर हेच सर्वस्व आहे. म्हणून प्रत्येकाचं अंतर आधी ठरवून टाका. सहा इंची कागदी थाळीत पाचपैकी पाच बाण जितक्या लांबून बसतात, ते त्या माणसाचं अंतर. बाराएक वर्षांच्या मुलीचं ते १२ यार्ड असेल, काकाचं २५ यार्ड असेल. त्यापलीकडे कितीही मोठ्या शिंगांचा नर उभा राहिला तरी बाण सोडायचा नाही. हा नियम घरातल्या मोठ्यांनी स्वतःला लावला तरच मुलं पाळतात.

ज्यांना मारायचं नाही, त्यांच्याशीही आधीच बोला. आमच्या वहिनी शाकाहारी आहेत आणि दरवर्षी येतात. दुर्बीण त्यांच्याकडे असते आणि वाऱ्याकडे त्यांचंच लक्ष असतं. मुलांना सांगून ठेवा की हरीण मरताना धडपडेल, रक्त दिसेल, रडू आलं तर रडायला हरकत नाही. आणि ऐन वेळी कोणी ‘मला नाही मारायचं’ म्हणालं तर त्यावर एकानेही टिप्पणी करायची नाही.

तारखा ठरवताना नवरात्र बघा. ज्यांच्या घरी नऊ दिवस मांसाहार वर्ज्य असतो त्यांना ऐन उपवासात शीतपेटीभर मांस घरी आणणं जमत नाही. आमच्याकडे दसऱ्याला धनुष्यांची पूजा होते आणि त्यानंतरचा शनिवार-रविवार सहलीसाठी ठेवलेला असतो.

कायदा आणि लायसन्स

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. १८ वर्षांवरच्यांना हा कोर्स पूर्णपणे ऑनलाइन करता येतो, लहानांना प्रत्यक्ष प्रशिक्षणाला जावं लागतं. प्रमाणपत्र नसेल तर ‘मेंटर्ड’ लायसन्सची सोय आहे. त्यात नवखा माणूस शिकारीला बसू शकतो, पण अनुभवी मेंटर सतत हाताच्या अंतरावर हवा. वयाची खालची अट नाही. कुटुंबासाठी ही सोय फार उपयोगाची आहे, कारण लपून बसायच्या एका तंबूत बाप आणि मुलगी शेजारी बसणार असतातच.

लायसन्स ‘गो वाइल्ड’ या सरकारी पोर्टलवर मिळतं आणि पहिल्यांदाच घेणाऱ्याला सवलत असते. त्यासोबत नराची परवानगी येते. शिंगं नसलेल्या हरणाची, म्हणजे प्रामुख्याने मादीची, परवानगी काउंटी आणि जमिनीच्या प्रकाराशी बांधलेली असते. खाजगी जमिनीची परवानगी सरकारी जंगलात चालत नाही, ही चूक सहज होते.

एच-वन-बीवर असलेले लोक नेहमी विचारतात. नॉन-इमिग्रंट व्हिसाधारकांनी बंदूक बाळगण्यावर फेडरल कायद्याचे निर्बंध आहेत आणि वैध शिकार लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. धनुष्य त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही. राज्याचं लायसन्स मात्र सगळ्यांनाच लागतं.

एकत्र जाणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा नियम पुढचा. बंदुकीच्या हंगामात गटातल्या एकाने दुसऱ्याच्या परवानगीवर, म्हणजे टॅगवर, हरीण मारलेलं काही अटींवर चालतं. धनुष्य आणि क्रॉसबोच्या (बंदुकीसारखं धरून चाप ओढायच्या आडव्या धनुष्याच्या) शिकारीत ते चालत नाही. ज्याने बाण सोडला त्याच्याच नावावर हरीण. ‘दादाच्या टॅगवर मी मारतो’ हा प्रकार इथे बेकायदा आहे.

धनुष्य कुणाला कुठलं

ऑनलाइन मागवू नका. धनुष्याच्या दुकानात जा, सगळ्यांना घेऊन जा. तिथे ड्रॉ लेंग्थ, म्हणजे प्रत्यंचा किती मागे ओढायची ते अंतर, मोजतात: दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर इंचांत घ्यायचं आणि अडीचने भागायचं. कुठला डोळा प्रबळ आहे तेही तपासून घेतात. उजवा हात आणि डावा डोळा प्रबळ असेल तर डाव्या हाताचं धनुष्य घ्यायचं की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलेलं बरं.

विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी धनुष्याची ताकद किमान ३० पौंड लागते आणि ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पातं, किमान ७/८ इंच रुंद व धारदार धातूचं असावं लागतं. कायद्याला ३० पौंड पुरतात, मला पुरत नाहीत. ४० पौंड आरामात ओढता येईपर्यंत मुलांना हरणावर बाण सोडू देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आरामात म्हणजे खुर्चीत बसून, पाय उचलून, धनुष्य आकाशाकडे न नेता सरळ ओढता येणं. कमी ताकदीच्या धनुष्याला स्थिर पात्यांचा ब्रॉडहेड लावा. आदळल्यावर उघडणारी पाती उघडण्यातच बरीच शक्ती खातात.

ज्यांना तेवढं ओढवत नाही, त्या मुलांसाठी आणि खांदे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी क्रॉसबो आहे. २०१४ पासून तो इथे सगळ्यांना खुला आहे. दोरीच्या साधनाने ताणायचा, आणि पुढच्या हाताने तो धरताना अंगठा व बोटं प्रत्यंचेच्या वाटेत येऊ द्यायची नाहीत. ही सवय घरीच लावा. बाण न लावता प्रत्यंचा कधीही सोडायची नाही, क्रॉसबोचीही आणि साध्या धनुष्याचीही. गाडीत क्रॉसबो ताणलेला ठेवायचा नाही.

जाता जाता एक सांगतो. धनुष्य विकत घेताना किमतीतच ११ टक्के फेडरल कर असतो. तो १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली वन्यजीव संवर्धनाला जातो. मुलांना हे जरूर सांगा, म्हणजे ज्या जंगलात आपण बसलोय त्याच्या राखणीत आपलाही वाटा आहे हे त्यांना कळतं.

सराव

मे महिन्यात सुरुवात करा. पहिले तीन-चार आठवडे १० यार्डांवरच राहा आणि अंतर हळूहळू वाढवा. रोज वीस-पंचवीस बाण पुरे. थकलेल्या खांद्याला वाईट सवयी लागतात.

ऑगस्टपासून सरावाची पद्धत बदला. दिवसातला पहिला बाण, अंग थंड असताना सोडलेला, तेवढाच मोजा आणि वहीत लिहा. जंगलात तुम्हाला दुसरी संधी क्वचितच मिळते, म्हणून पंचवीस बाणांच्या सरासरीला तिथे अर्थ नसतो. जाड कोट घालून सराव करा, कारण प्रत्यंचा बाहीला घासली की बाण भरकटतो. स्टुलावर बसून, गुडघ्यावर टेकून, तंबूच्या खिडकीतूनही मारून पाहा. आणि ब्रॉडहेड लावून किमान एकदा तपासा. सरावाचं टोक आणि पातं एकाच जागी बसतील याची खात्री नसते.

जागा, वारा आणि बसण्याची सोय

सरकारी जंगल भरपूर आहे. उत्तरेला शेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय वन, मध्यभागी ब्लॅक रिव्हर राज्य वन, मिलवॉकीकरांना जवळ केटल मोरेन. पश्चिमेच्या डोंगराळ भागात, बफेलो काउंटीच्या आसपास, मोठे नर आहेत म्हणून तिथे मागणीही मोठी. मुलांसोबतच्या पहिल्या सहलीला मात्र ओळखीच्या शेतकऱ्याची चाळीस एकर जागा मिळाली तर ती घ्या. ऑगस्टमध्ये जाऊन समोरासमोर विचारा, कुठे बसणार ते दाखवा, गाडी कुठे लावू ते विचारा. शेजारच्या जमिनीच्या मालकालाही त्याच फेरीत भेटून या. जखमी हरीण कुंपण ओलांडून गेलं तरी विस्कॉन्सिनमध्ये परवानगीशिवाय मागे जाता येत नाही, आणि रात्री नऊ वाजता अनोळखी दार वाजवणं अवघड होतं.

हरणांचं खाणं बघा: ओकची गळलेली फळं, मका, सोयाबीन, अल्फाल्फा. झोपायची दाट झाडी आणि खाण्याची जागा यांमधली पायवाट शोधा. खाद्य टाकून हरीण बोलावण्यावर बहुतेक काउंटींमध्ये बंदी आहे, त्या वाटेला जाऊ नका.

वारा हरणाकडून तुमच्याकडे यायला हवा. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने चिमूटभर उडवून बघा. उतारावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: सकाळी ऊन तापू लागलं की हवा वर चढते, संध्याकाळी गारवा आला की दरीकडे उतरते. त्यामुळे सकाळची जागा उताराच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळची खालच्या अंगाला बरी. दोन वाऱ्यांसाठी दोन जागा तयार ठेवा. वारा उलटा असेल तर त्या दिवशी तिथे बसूच नका.

मराठी घरासाठी खास सूचना म्हणजे शिकारीचे कपडे स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. फोडणीचा वास लोकरीत आठवडाभर राहतो. बिनवासाच्या साबणाने धुऊन, बाहेर वाळवून, झाकणाच्या प्लास्टिक पेटीत गॅरेजमध्ये ठेवायचे आणि जंगलात पोचल्यावरच घालायचे. त्या दिवशी खोबरेल तेल, अत्तर, उदबत्ती वर्ज्य.

मुलांसोबत जमिनीवरचा तंबू, म्हणजे ग्राउंड ब्लाइंड, हाच पर्याय. तो किमान दोन आठवडे आधी लावा आणि भोवती फांद्या टेकवा, म्हणजे हरणांना त्याची सवय होते. आत काळे कपडे घाला आणि मागच्या खिडक्या बंद ठेवा, नाहीतर उजेडात आकृती दिसते. एका तंबूत एका वेळी एकाच्याच धनुष्याला बाण लावलेला असेल. आतला पालापाचोळा हाताने साफ करून टाका, मुलांचे पाय हलणारच.

मोठ्यांपैकी कोणी झाडावरच्या स्टँडवर बसणार असेल तर पूर्ण अंगाचा हार्नेस आणि जमिनीपासून वरपर्यंतची लाइफलाइन सक्तीची. या शिकारीत माणसं जायबंदी होतात ती मुख्यतः झाडावरून पडून. चढताना हात रिकामे ठेवा, धनुष्य नंतर दोरीने वर ओढा. ज्याच्याकडे हार्नेस नाही तो चढणार नाही. यावर घरात वाद घालायचा नाही.

कोणता आठवडा

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माद्यांच्या मागे दिवसाढवळ्या फिरतात, म्हणून अनुभवी शिकारी त्या दिवसांवर डोळा ठेवून असतात. कुटुंबासाठी मी ऑक्टोबरचा मध्य निवडेन. हरणं खाण्याच्या ठरलेल्या वाटांवर असतात आणि मुलं दोन-तीन तास बसू शकतात. याच महिन्यात मुलांच्या बंदूक-शिकारीचे दोन दिवस असतात. त्या दिवसांत आणि नोव्हेंबरच्या नऊ दिवसांत धनुष्यवाल्यांनाही भडक केशरी कपडे बंधनकारक आहेत: कमरेवरच्या बाह्य कपड्यांचा निम्मा भाग. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. मी त्या दिवसांत मुलांना घेऊन जात नाही.

सामानाची लांब यादी देत नाही. हार्नेस, दुर्बीण, अंतर मोजायचं यंत्र, डोक्याचे दिवे, लेटेक्सचे हातमोजे, धारदार छोटी सुरी, टॉयलेट पेपर, दोरी आणि बर्फाने भरलेल्या दोन शीतपेट्या. गोचिडी इथे भरपूर आहेत आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. कपड्यांवर आधीच परमेथ्रिन फवारा आणि रात्री प्रत्येकाची मान, काखा, गुडघ्यांमागची बाजू तपासा. मुलांसाठी थालीपीठ, खजूर असं न कुरकुरणारं काही घ्या. चिवडा गाडीतच राहू द्या.

बाण कधी सोडायचा

सूर्योदयाच्या आधी किती मिनिटं आणि सूर्यास्तानंतर किती मिनिटं शिकार करता येते त्याचा तक्ता असतो. तो फोनमध्ये ठेवा. संध्याकाळी वेळ संपली की बाण भात्यात गेला पाहिजे, समोर हरीण असलं तरी.

बसल्याबसल्या झाडं, खडक यांची अंतरं मोजून ठेवा. ‘त्या वाकड्या बर्चच्या अलीकडे आलं तर तुझं’ असं मुलीला आधीच सांगितलेलं असावं. हरीण पूर्ण आडवं उभं असेल, किंवा किंचित पाठ करून तिरकं असेल, तेव्हाच बाण सोडायचा. नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, म्हणजे बाण फुप्फुसांतून आरपार जातो. तोंड आपल्याकडे असेल, चालत असेल, मान ताठ करून कान रोखलेले असतील तर थांबा. सावध हरीण प्रत्यंचेचा आवाज ऐकून खाली दबतं आणि बाण पाठीच्या वरच्या भागात लागतो.

शेजारी बसलेल्या मेंटरने एवढंच म्हणायचं: ‘थांब’ किंवा ‘तुझ्यावर आहे’. ‘मार, मार’ कधीही म्हणू नये. बाण न सोडता परत आलेल्या मुलाचं कौतुक करा, कारण त्याने सगळ्यात अवघड काम केलेलं असतं.

माग काढणं

बाण सुटल्यावर उठायचं नाही. हरीण कुठे उभं होतं, कुठल्या झाडाशी शेवटचं दिसलं, शेपटी वर होती का खाली, पाठ वाकवून गेलं का, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवायचं आणि मग एकमेकांना हळू आवाजात सांगायचं. दोघांच्या सांगण्यात फरक असतो, तो तेव्हाच मिटवा.

अर्ध्या तासाने फक्त बाणापर्यंत जा. फिकट गुलाबी, बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुप्फुस. हरीण बहुधा शंभर-दीडशे यार्डांत पडलेलं सापडतं. गडद, दाट लाल रक्त म्हणजे यकृत. निदान चार तास थांबा. बाणावर हिरवट-तपकिरी चिकट द्रव आणि घाण वास असेल तर बाण पोटात लागलाय. तिथून मुकाट्याने मागे फिरा आणि आठ ते बारा तास जाऊ नका. घाईने मागे लागलात तर ते उठून मैलभर जाईल आणि हाताला लागणार नाही. पाऊस येत असेल तर हा निर्णय फार कठीण होतो. तरीही पोटाच्या जखमेला मी थांबतो.

माग काढताना एक जण शेवटच्या रक्ताच्या थेंबाशी उभा राहतो, दुसरा पुढचा शोधतो, बाकीचे बाजूने मागून चालतात. रक्तावर पाय देऊ नका. दर काही पावलांवर टॉयलेट पेपरचा तुकडा लावत गेलात की मागे वळून दिशेची रेघ दिसते. मुलांचे डोळे जमिनीच्या जवळ असतात आणि ती घाई करत नाहीत. एका संध्याकाळी आम्ही मोठे सगळे मेपलच्या लाल पानांत रक्त शोधून थकलो होतो. माझी पुतणी गुडघ्यांवर बसली आणि तिने गवताच्या उभ्या पात्याकडे बोट दाखवलं. जमिनीपासून हातभर उंचीवर, पात्याच्या एकाच बाजूला पुसट डाग होता. हरणाच्या अंगाला लागून तो आला होता, म्हणजे जखम कुठल्या कुशीला आहे तेही कळलं. तिथून पुढे आम्ही पानं सोडून गवतच बघत गेलो आणि हरीण मिळालं.

माग हरवला तर पट्ट्याने धरलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत विस्कॉन्सिनमध्ये घेता येते. अशा माणसाचा नंबर सहलीआधीच घेऊन ठेवा.

साफसफाई, नोंद आणि तपासणी

हरीण मेल्याची खात्री लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून करा. मग हातमोजे घालून पोट उघडा. सुरीचं पातं वर, बोटं आतून आधाराला, मूत्राशय आणि आतडी फुटू न देता. पहिल्या वेळी अनुभवी माणसाकडून हे शिकून घ्या, वाचून येत नाही. मुलांना बघायचं असेल तर जवळ उभं राहू द्या आणि फुप्फुसं, हृदय दाखवा. मांस लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसच्या खाली न्यायचं. सप्टेंबरच्या उकाड्यात पोटाच्या पोकळीत बर्फाच्या पिशव्या घालाव्या लागतात.

हरीण मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत ऑनलाइन किंवा फोनवर नोंद करायची आणि आलेला नंबर जपायचा.

सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा असाध्य रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली आढळला. माणसाला तो झाल्याचा पुरावा नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. हरीण धडधाकट दिसलं तरी बाधित असू शकतं, म्हणून डीएनआरच्या केंद्रावर नमुना द्या. तपासणी मोफत आहे. निकाल येईपर्यंत मांस वेगळं, नाव लिहून गोठवा. मेंदू, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा, लसिकाग्रंथी खायच्या नाहीत. भेजा फ्राय विसरून जा, आणि हाडं करवतीने कापू नका, मांस सोडवून घ्या. अख्खं धड दुसऱ्या राज्यात न्यायला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. शिकागोकरांनी हाडं काढलेलं मांसच न्यावं. शिंगं आठवण म्हणून भारतात पाठवायचा विचार कोणी करत असेल तर नको, वन्यप्राण्यांचे अवयव सामानातून आणायला तिकडे बंदी आहे.

स्वयंपाक आणि वाटप

पाठीचे दोन लांब पट्टे, म्हणजे बॅकस्ट्रॅप, सगळ्यात कोवळे. त्यांना मसाल्यात बुडवू नका. मीठ, मिरी, तुपावर दोन्ही बाजूंनी थोडा वेळ. मांड्या सुक्क्याला, खांदा आणि मान रश्श्याला, उरलेलं खिम्याला. हरणाची चरबी तोंडात मेणासारखी चिकटते, ती आणि वरची पांढरी त्वचा सुरीने पूर्ण काढा. दही-आलं-लसणात रात्रभर ठेवून कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यात केलेला रस्सा मटणापेक्षा सरस होतो असं मी ठामपणे म्हणेन. मात्र चरबी नसल्याने तेल थोडं जास्त लागतं आणि कुकरमधून काढायला उशीर झाला तर मांसाच्या दोऱ्या होतात. खिमा आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा. गरोदर बाईला अर्धकच्चं अजिबात देऊ नका.

वाटप सहलीआधी ठरवा: प्रत्येक घराला सारखा वाटा, बाण कोणाचाही असो. पाकिटावर भाग, तारीख, काउंटी आणि तपासणीचा नंबर लिहा. शिकारीचं मांस विकता येत नाही, त्यामुळे मंडळाच्या तिकीट लावलेल्या जेवणात ते वाढू नका. जास्त झालं तर विस्कॉन्सिनच्या हरीण-दान कार्यक्रमात सहभागी खाटकाकडे द्या, तिथून ते गरजूंच्या अन्नछत्रांना जातं. जमीनमालकाचा वाटा वेगळा काढा, दिवाळीच्या फराळासोबत स्वतः नेऊन द्या आणि पुढच्या वर्षी कुठल्या शेतात मका असणार तेही विचारून या.